चालू स्थितीतला प्रोग्रॅम

वजनमापे तपासणी कार्यालयातल्या सत्तेचाळीस कर्मचाऱ्यांनी तीन महिन्यांच्या आत संगणकाची एक भाषा मूलतत्त्वांसह आत्मसात करावी, असे परिपत्रक सोमवारी सकाळी आले आणि दुपारपर्यंत सर्वांच्या सह्या घेऊन ते फाइलला लागलेही. सही करणाऱ्यांत निरीक्षक होते, कारकून होते, ड्रायव्हर होता आणि फाटकावरचा पहारेकरीही होता. ही भाषा शिकल्याने माणसाचे विचार सुसूत्र होतात, असे वरच्या कार्यालयातल्या कुणीतरी एका परिषदेत जेवणाच्या आधीच्या भाषणात ऐकले होते. विचार सुसूत्र झाल्याचे प्रमाणपत्र ज्याच्यापाशी नसेल त्याची बढती, बदली आणि अर्जित रजा यांपैकी कशाचाही विचार केला जाणार नव्हता. त्याच्याकडून कामाची अपेक्षा मात्र पूर्वीइतकीच राहणार होती.

परिपत्रकातला बदली हा शब्द जावकबाईंनी दोनदा वाचला. कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक टाकून शिक्का मारायचा, हे त्यांचे काम. त्यामुळे त्यांचे खरे नाव पगारपत्रकापुरतेच उरले होते. त्यांचा नवरा बसने पाच तासांवरच्या शहरात एका छापखान्यात मशीन चालवत असे. लग्नाला नऊ वर्षे झाली होती आणि संसार फक्त रविवारचा होता. त्या शहरात बदली मिळावी म्हणून बाईंनी अर्ज केला त्याला सात वर्षे झाली. नवरा रोज संध्याकाळी फोन करून पहिला प्रश्न विचारायचा, "काय म्हणते फाइल?" फाइल काही म्हणत नसे. मग दोघे भाजीचे आणि हवेचे बोलत.

प्रशिक्षणासाठी बारा संगणक आले होते. ते खोक्यांतच होते, कारण खोकी उघडायची तर समिती हवी आणि समितीत किमान एक जण संगणकाची भाषा जाणणारा, म्हणजे प्रमाणपत्रधारक हवा. तसा अजून कोणी नव्हता. तो तयार व्हावा म्हणूनच प्रशिक्षण होते. तेव्हा खोक्यांवर सतरंजी टाकून प्रशिक्षणार्थींची बसायची सोय करण्यात आली आणि संगणकाची भाषा कागदावर शिकवायची ठरली.

शिकवायला एका खाजगी संस्थेतला तरुण मास्तर आला. अंगाने किडकिडीत, पण शिकवण्याची हौस दांडगी. खडू हातात घेतला की चहा निवलेला त्याला कळायचे नाही. त्याने सांगितले की व्हेरिएबल म्हणजे नाव चिकटवलेला डबा. डब्यातली वस्तू बदलते, चिठ्ठी तीच राहते. अट म्हणजे दोन वाटा, आणि त्यांतली एकच धरायची. लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा, एखादी अट पुरी होईपर्यंत. यंत्राला सांगाल तेवढेच ते करते, मध्ये स्वतःची अक्कल घालत नाही आणि चुकीचे सांगितले तर चुकीचेही तितक्याच निष्ठेने करते.

"मग यंत्र कशाला आणलं?" पहिल्या रांगेतून हेडक्लार्कांनी शांतपणे विचारले. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीमुळे त्यांना सगळे नाना म्हणत. "आम्ही आहोत की."

मास्तर हसला. नाना हसले नाहीत.

घोळ सुरू झाला तो अभ्यासाच्या वह्यांवरून. आठवड्याचे प्रोग्रॅम प्रत्येकाने कागदावर लिहायचे आणि मास्तरने ते संस्थेत नेऊन तपासायचे, असे ठरले होते. पण कार्यालयाच्या भिंतीबाहेर कागद जायचा तर त्याला जावक क्रमांक हवा. क्रमांक टाकला की शिक्का आला आणि शिक्का आला की एक प्रत संबंधित टेबलाला 'माहिती व उचित कार्यवाहीसाठी' द्यावीच लागते. बाईंनी अकरा वर्षांत एकही कागद याशिवाय बाहेर सोडला नव्हता, त्यांनी हेही सोडले नाहीत. आता शिक्क्याच्या कागदाची तीन दिवसांत कार्यवाही झाली नाही तर लेखी खुलासा द्यावा लागतो. खुलासा लिहिण्यापेक्षा सांगितलेले करून टाकलेले बरे, यावर त्या इमारतीत कधीही दुमत नव्हते.

पहिल्या आठवड्याचा प्रोग्रॅम होता एक ते शंभर अंक क्रमाने छापण्याचा. शुक्रवारी मास्तर आला तेव्हा नोंदणी शाखेने एक ते शंभर अंक सुवाच्य अक्षरात लिहून, खाली 'अनुपालन सादर' असा शेरा मारून सत्तेचाळीस संच तयार ठेवले होते. एका संचात त्र्याऐंशी राहून गेला होता, त्याबद्दल संबंधित लिपिकाला समज देण्यात आली होती. मास्तरने हे नुसते सरावासाठी होते असे सांगून पाहिले. सराव असेल तर शिक्का कशाला मारला, असे त्यालाच विचारण्यात आले.

दुसऱ्या आठवड्यात लूप आले. ड्रायव्हरने पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहिला: मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये जा, सलाम कर, बाहेर ये, दार लाव, पुन्हा पहिल्या ओळीवर जा. मास्तरने यावर लाल शाईने लिहिले की हा कधी थांबायचाच नाही, बाहेर पडायची अट घाला. पण लाल शाई मूळ प्रतीवर होती आणि साहेबांच्या शिपायाकडे शिक्क्याची प्रत पोचली होती. सोमवारी दहा वाजता शिपाई आत गेला, सलाम केला, बाहेर आला, दार लावले आणि पुन्हा आत गेला. पहिल्या तासात मोठे साहेब वैतागले. दुसऱ्या तासात त्यांनी मान हलवून सलाम घ्यायला सुरुवात केली. बुधवारी शिपाई आजारी पडला तेव्हा त्याच्या जागी बदली माणूस का दिला नाही, अशी विचारणा त्यांनी लेखी केली.

नानांचा प्रोग्रॅम मात्र तराजूंबद्दल होता, आणि तराजू म्हणजे कार्यालयाचा प्राण. वर्षातून एकदा प्रत्येक दुकानदाराने आपला तराजू आणि वजने आणून तपासून घ्यायची, मापात आहे असा ठसा घ्यायचा आणि घरी जायचे. नानांनी लिहिले की क्रमांक एकपासून सुरुवात करावी आणि क्रमांक पन्नास होईपर्यंत त्या त्या क्रमांकाचा तराजू तपासत राहावे. क्रमांक दर वेळी एकने वाढवावा, ही ओळ तेवढी राहिली. निरीक्षकांनी क्रमांक एकचा तराजू तपासला. बरोबर निघाला. क्रमांक अजून एकच होता, म्हणून पुन्हा तपासला. संध्याकाळी साडेपाचला खिडकी बंद झाली तेव्हा एकाच किराणा दुकानदाराचा तराजू दोनशे बारा वेळा अचूक भरला होता आणि मागे एकोणपन्नास दुकानदार वजनांच्या पिशव्या पायांशी ठेवून उभे होते.

मास्तर नानांच्या टेबलाशी धावत गेला आणि एक ओळ राहिली आहे, तेवढी घाला, म्हणून अजिजीने सांगू लागला.

"क्रमांक एकने वाढवायला हवा, नाना."

"वाढवू की. वरून मंजुरी आणा."

"पण हा प्रोग्रॅम तुम्हीच लिहिलाय."

"लिहिला मी. आता तो शिक्क्याचा कागद आहे, मास्तर. शिक्क्याच्या कागदात ओळ घुसडणं म्हणजे काय असतं माहीत आहे? नोकरी जाते."

मास्तर तरुण होता, त्याला वाईट वाटले. हळूहळू सवय झाली. महिनाअखेर कार्यालयात सेहेचाळीस प्रोग्रॅम चालू होते आणि एकही थांबलेला नव्हता.

गंमत अशी की जावकबाईंना ही विद्या खरोखर आवडू लागली होती. दुपारच्या सुट्टीत त्या वही उघडून बसत आणि ओळीवर बोट ठेवून, बाजूला डबे आखून, कोणत्या डब्यात आता काय आहे ते लिहीत पुढे जात. यंत्र नसताना प्रोग्रॅम असाच तपासायचा, हे मास्तरने शिकवले होते. एका दुपारी त्यांनी सरावातले गणित बाजूला ठेवले आणि आपल्या बदलीच्या फाइलीवर बोट ठेवले.

फाइल तीन टेबलांवरून जात असे. आस्थापनेच्या टेबलाला बाईंविरुद्ध चौकशी नाही असा दाखला हवा होता. चौकशीच्या टेबलाला, काम शिल्लक नाही असा अभिलेखाच्या टेबलाचा दाखला हवा होता आणि अभिलेखाच्या टेबलाला आस्थापनेचे चालू पत्र हवे होते. प्रत्येक टेबल वीस दिवस घेई आणि प्रत्येक कागद तीस दिवसांनी शिळा होई. म्हणजे तिसरा कागद हातात येईपर्यंत पहिला मेलेला असे, आणि फाइल नव्याने निघे. बाईंनी बोट फिरवत फेऱ्या मोजल्या. सात वर्षांत बेचाळीस झाल्या होत्या. कुणी अडवले नव्हते, कुणी खार खाऊन नव्हते, तिन्ही टेबलांवरची माणसे त्यांच्याबरोबर डबा खात. बाईंना एकदम रडू आले. कुणी वैरी असता तर निदान त्याच्या नावाने बोटे तरी मोडता आली असती.

त्यांनी वही मास्तरपुढे ठेवली. मास्तरने दोनदा बोट फिरवले.

"बाई, यातून बाहेर पडायची वाटच नाही. हे शंभर वर्षं फिरेल."

"आणि एक ओळ बदलली तर?"

"कोणती?"

"तिन्ही टेबलांनी दाखले एकाच दिवशी द्यायचे."

मास्तरने खडू खाली ठेवला. इतका स्वच्छ प्रोग्रॅम आपल्या संस्थेतही कुणी लिहिला नाही, असे तो म्हणाला, आणि ते खरे होते.

अंतिम परीक्षेचा विषयच होता की आपल्या टेबलावरच्या एखाद्या कामाचा प्रोग्रॅम लिहा. बाईंनी अकरा ओळी लिहिल्या. दहावी ओळ होती, बदलीचा आदेश काढा. अकरावी होती, थांबा. आजवर त्यांनी दुसऱ्यांच्या कागदांवर किती शिक्के मारले असतील त्याची गणती नव्हती. या कागदावर मारण्याआधी त्यांनी शाईची गादी नव्याने भिजवली. शिक्का उमटला तो ठळक आणि सरळ.

मंगळवारी साडेदहाला प्रती टेबलांवर गेल्या. आस्थापनेने वाचले, चौकशीने वाचले, अभिलेखाने वाचले. तिघांनाही वाटले की वरूनच आले असणार, आणि खुलासा कोण लिहीत बसतो. जेवणाच्या सुट्टीआधी तिन्ही दाखले तयार होते. चार वाजता, शिपायाच्या दोन सलामांच्या मधल्या वेळात, मोठ्या साहेबांनी बदलीच्या आदेशावर सही केली. पाचला बाईंनी स्वतःच त्याला जावक क्रमांक टाकला. त्या संध्याकाळी फोन नवऱ्याने नाही, त्यांनी केला. ऐकून तो म्हणाला की कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करून ठेवतो.

बुधवारी मूल्यमापन समिती आली.

समितीत तिघे होते. भाषा तिघांपैकी एकालाही येत नव्हती, कारण त्यांची परीक्षा पुढच्या तिमाहीत होती. पण तपासायचे काय, ते त्यांना लेखी दिलेले होते. रकाना एकच होता: प्रोग्रॅम चालतो काय? होय किंवा नाही. समिती इमारतभर हिंडली. शिपाई सलाम करीत होता. क्रमांक एकचा तराजू तपासला जात होता, आणि त्या दुकानदाराने आता घरून स्टूल आणले होते. पहारेकऱ्याच्या प्रोग्रॅमप्रमाणे फाटक उघडत होते आणि मिटत होते. सेहेचाळीस ठिकाणी समितीने 'होय' वर खूण केली आणि ती बाईंच्या टेबलाशी आली.

"तुमचा कुठे चालू आहे?" अध्यक्षांनी विचारले.

बाई म्हणाल्या, "तो काल पूर्ण झाला, साहेब."

"पूर्ण झाला म्हणजे? आत्ता चालू आहे का?"

"नाही. काम झालं, म्हणून थांबला."

अध्यक्षांनी सदस्यांकडे पाहिले. सदस्यांना बाईंची दया आली होती. सेहेचाळीस जणांचे प्रोग्रॅम महिना महिना अखंड चालले होते आणि या बिचारीचा सात तासांत बंद पडला होता. 'नाही' वर खूण झाली. मास्तरने मध्ये पडून सांगायचा प्रयत्न केला की थांबणे हाच तर मुद्दा आहे, पण तो बाहेरचा माणूस होता आणि त्याचे बोलणे नोंदवायला रकाना नव्हता.

नापास म्हणजे प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही तर बदलीचा विचार नाही. विचारच होऊ शकत नाही त्या बदलीचा आदेश निघाला कसा, हे कुणाला सांगता येईना, म्हणून तो रद्द झाला. रद्द झाल्याच्या पत्रावर क्रमांक टाकून शिक्का मारायचे काम बाईंकडेच आले. त्यांनी तो मारला आणि मग स्टेशनरीच्या खोलीत जाऊन, पाकिटांच्या गठ्ठ्यांमागे बसून मनसोक्त रडल्या.

संध्याकाळी नवऱ्याला सगळे सांगितले. तो फार बोलका माणूस नव्हता.

"तुझा बरोबर होता ना?" त्याने विचारले.

"बरोबर होता. मास्तर म्हणाले, सगळ्यांत बरोबर."

"मग झालं तर. अगं, आमच्याकडे मालक पाहुणे घेऊन आला की आम्ही मशीन नुसतं सुरू ठेवतो. कागद घालत नाही. आवाज येतो, चाकं फिरतात, पाहुणे खूश होतात."

"आणि छपाई?"

"छपाई ते गेल्यावर."

बाईंनी फोन ठेवला आणि वही उघडली.

फेरपरीक्षा महिन्याने होती. या वेळी बाईंनी विषय घेतला अर्जदारांच्या खिडकीचा. प्रोग्रॅम चारच ओळींचा होता. अर्जदार खिडकीशी आला की कागद हातात घ्यावा. कागद उलटसुलट पाहावा. 'उद्या या' असे सांगावे. तो उद्या आला की पुन्हा पहिल्या ओळीवर जावे. यंत्र लागत नव्हते, वीज लागत नव्हती, फिरवायचे कामही कार्यालयाला नव्हते, ते अर्जदारच करणार होता. वाचून नानांच्या डोळ्यांत आदर दिसला.

पण बाईंचे मन त्यांना खाऊ लागले. बेचाळीस फेऱ्या खाल्लेल्या बाईला पुऱ्या गावासाठी तसलाच फेरा लिहून ठेवणे जड जात होते. शिवाय प्रत्येक लूपला बाहेर पडायची वाट हवी, हे मास्तरचे म्हणणे त्यांना मनापासून पटलेले होते. शेवटी शिक्का मारण्याआधी त्यांनी पाचवी ओळ घातली: अर्जदाराने 'का?' असे विचारल्यास त्याचे काम तिथल्या तिथे करून द्यावे व प्रोग्रॅम कायमचा थांबवावा.

समितीने ही ओळ पाहिली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. हा तर पहिल्याच दिवशी बंद पडेल, असे अध्यक्ष म्हणाले. कुणीही येऊन एक अक्षर विचारेल आणि संपले. बाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. पाचवी ओळ खोडा म्हणाले असते तर त्यांनी ती खोडली असती का, हे त्यांना अखेरपर्यंत स्वतःला सांगता आले नाही. पण तशी वेळ आली नाही, कारण नाना पुढे झाले.

"राहू द्या साहेब," नाना म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं मी खिडकीच्या आत बसलोय. माझ्या हमीवर राहू द्या."

बाईंना पहिला क्रमांक मिळाला. अकरा ओळींच्या कागदावरचा शिक्का अजून कायम होता आणि आता प्रमाणपत्रही होते, म्हणून त्याच आठवड्यात तिन्ही दाखले पुन्हा निघाले, नवा आदेश निघाला आणि शनिवारच्या बसने त्या गेल्या. कपाटाचा वरचा कप्पा त्यांचा झाला. संध्याकाळी फोन वाजला की आता दोघेही उठत नाहीत, कारण बोलायचे माणूस समोरच असते. मास्तरने ती संस्था सोडली. संगणक अजून खोक्यांतच आहेत, पण त्यांची उणीव कुणाला भासलेली नाही.

बाईंच्या प्रोग्रॅमची दखल मात्र वर घेतली गेली. कमी खर्चाचा, देखभालीची गरज नसलेला, म्हणून त्याच्या प्रती सगळ्या खात्यांच्या सगळ्या खिडक्यांना माहिती व उचित कार्यवाहीसाठी धाडण्यात आल्या. या गोष्टीला तीन वर्षे झाली. पाचवी ओळ कुणी खोडलेली नाही. ती प्रत्येक खिडकीत, आतल्या बाजूला, काचेखाली शिक्क्यासकट ठेवलेली आहे आणि ती पाळायला आतला माणूस बांधलेला आहे. तो कधी कधी वाटही पाहतो. मागच्या मंगळवारी तुम्ही गेला होतात तेव्हाही त्याने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला, 'उद्या या' म्हणाला आणि क्षणभर तुमच्या तोंडाकडे पाहत थांबला. तुम्ही विचारलेत, "किती वाजता येऊ?"